घागरीतील पाणी कोणाचे?

वैशाख शुद्ध तृतीयेला सारा महाराष्ट्र अक्षय्य तृतीया म्हणतो. आम्हां खानदेशवासीयांची ती आखाजी. दिवाळीच्या तोलाचा हा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, गौराईची गाणी घुमतात, घरोघरी सांजोऱ्या तळल्या जातात आणि पुरणपोळीसोबत आमरसाची वाटी पानात येते. असोद्याच्या मातीत जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनाही या सणावर कविता रचाविशी वाटली, यातच त्याचे आमच्या जीवनातील स्थान सिद्ध होते. परंतु या सर्व आनंदसोहळ्याच्या केंद्रस्थानी जी वस्तू असते, ती ना सोन्याची ना चांदीची. ती असते कुंभाराच्या आव्यातून आलेली, पाण्याने भरलेली एक साधी मातीची घागर. तिच्यावर लहानसे मडके, मडक्यावर खरबूज किंवा आंबा, आणि मनात गेलेल्या वाडवडिलांचे स्मरण. पितरांना आम्ही या दिवशी जे प्रथम अर्पण करतो, ते पाणी होय.

ज्या प्रदेशात वैशाखाचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, जेथे नद्यांच्या पात्रांतून वाळू चमकते आणि विहिरींचे तळ दिसू लागतात, त्या प्रदेशाने आपल्या सर्वांत मोठ्या उन्हाळी सणाला पाण्याची घागर पुजावी, ही गोष्ट आम्हांला योगायोगाची वाटत नाही. जे सर्वांत दुर्मीळ, ते सर्वांत पवित्र, आणि जे सर्वांत पवित्र, ते प्रथम दुसऱ्याला द्यावयाचे, असा हा संस्कार आहे. वैशाखात जलपूर्ण घटाचे दान सांगितले ते याचसाठी, आणि रस्त्याच्या कडेला रांजण पुरून पाणपोई घालण्याची रीतही याच संस्कारातून आली.

आज या मंगल दिवशी आम्ही वाचकांपुढे एक साधा प्रश्न ठेवू इच्छितो. आपण जी घागर भरतो, तिच्यातील पाणी येते कोठून? ते आपल्या घरात राहते कसे? आणि उद्या नळ आलाच नाही, तर घरातील म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या व लेकरांच्या ओठी लावण्यापुरते तरी शुद्ध पाणी आपल्याजवळ असेल काय?

प्रश्न काल्पनिक नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी वडीलधारी मंडळी अजून आपल्यात आहेत. त्या वर्षी खायला दाणा नव्हता, पण प्यायला पाणी कोठे ना कोठे मिळत होते, असे ती सांगतात. त्यानंतरच्या दुष्काळांनी हा क्रम उलटा केला. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्या टाक्यांत मिळून पाच लक्ष लिटर पाणी होते. बाजारात धान्य होते, खिशात पैसे होते, पण हंडा रिकामा होता. खानदेश त्या प्रसंगापासून दूर नाही. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येण्याचे दिवस धुळेकरांनी पाहिले आहेत. आमच्या सीमेवरील मनमाडकरांनी तर त्याहूनही दीर्घ प्रतीक्षा सोसली आहे.

आणि दुष्काळ हेच काही एकमेव संकट नव्हे. जळगाव शहराचे पाणी वाघूर धरणातून येते. धुळ्याचे पाणी तापीवरील योजनेतून, नकाणे तलावातून आणि पांझरेवरील अक्कलपाडा धरणातून येते. धरणापासून आपल्या नळापर्यंत कोसांचे अंतर आहे. मार्गात मोठ्या वाहिन्या आहेत, वीज लागणारे पंप आहेत, शुद्धीकरणाची केंद्रे आहेत आणि उंच टाक्या आहेत. धरण तुडुंब भरलेले असूनही एखादी वाहिनी फुटली, वादळात विजेचा खांब कोसळला किंवा पुराच्या दिवसांत नदीला दाट गढूळ पाणी आले, की अर्धे शहर दोन-चार दिवस कोरडे राहते. पाऊस कोसळत असताना पिण्याचे पाणी नाही, असा विपरीत प्रकारही आपण अनुभवलेला आहे. तेव्हा संकटकाळासाठी घरात पाणी राखणे हे भित्र्याचे लक्षण नसून गृहस्थाश्रमाचे कर्तव्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जी गृहिणी वर्षाचे धान्य, कुरडया, पापड आणि लोणचे उन्हाळ्यातच बेगमी करून ठेवते, तिला हे पटवून देण्याची आवश्यकता नाही. उणीव आहे ती हिशेबाची.

आखाजी हा आमच्याकडे हिशेबाचाही दिवस आहे. सालदाराचे जुने साल या दिवशी संपते, नवे ठरते, आणि शेतीचे वर्ष येथून सुरू होते. आमची सूचना अशी, की याच दिवशी प्रत्येक घराने पाण्याचाही हिशेब मांडावा. तो असा. २०१९ पासून चालू असलेल्या जलजीवन मिशनने खेड्यातील माणसाला दररोज ५५ लिटर पाणी मिळावे असे प्रमाण ठरविले आहे. आपत्तीच्या काळात मदतकार्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था पिणे, स्वयंपाक व अंगाची स्वच्छता मिळून माणशी किमान १५ लिटर धरतात. नुसते पिणे आणि रांधणे म्हटले, तर आमच्या उन्हाळ्यात माणशी पाच लिटर धरण्यास हरकत नाही. आता पाच माणसांचे घर घ्या आणि नळ आठ दिवसांनी येणार असे समजा. पहिल्या प्रमाणाने २,२०० लिटर लागतील, म्हणजे दोनशे लिटरांची अकरा पिंपे. दुसऱ्या प्रमाणाने ६०० लिटर, म्हणजे तीन पिंपे. आणि प्राण टिकविण्यापुरते, म्हणजे पिण्या-रांधण्याचे २०० लिटर, अवघे एक पिंप.

दोन खोल्यांत संसार करणाऱ्या कुटुंबास अकरा पिंपे ठेवणे शक्य नाही, हे आम्ही जाणतो. परंतु एक पिंप ठेवणे बहुतेकांना शक्य आहे, आणि तेही न जमल्यास घट्ट झाकणाच्या दोन-तीन कळश्या तरी शक्य आहेत. नियम एवढाच, की या पाण्याला अन्य कोणत्याही कामासाठी हात लावावयाचा नाही. देवघरातील गंगाजलाला जसे आपण उगाच हात लावीत नाही, तसेच हे. दर आठवड्यास ते वापरात काढावे, भांडे घासावे आणि ताजे पाणी भरावे.

येथे आम्हांला आपल्या घरांतील एका जुन्या सवयीविषयी बोलले पाहिजे, आणि प्रथम ते स्वतःच्या घराविषयी बोलतो. आमच्याही घरी वर्षानुवर्षे असेच चालत आले, की नळ आल्याची हाक ऐकू आली रे आली, की काल-परवाचे उरलेले सर्व पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतावयाचे आणि मग हंडे-कळश्या नव्याने भरावयाच्या. एका आखाजीला घागर भरण्यासाठी धुतलेले अंगण, ओतलेल्या हंड्यांनी वाहणारी मोरी आणि दाराबाहेर पाण्यासाठी उभी असलेली एक वृद्धा, ही तीन दृश्ये आम्हांला एकाच वेळी दिसली. त्या दिवशी आमची मान खाली गेली. एका हाताने पितरांसाठी पाणी भरावे आणि दुसऱ्या हाताने तेच पाणी गटारात सोडावे, याला कोणते शास्त्र म्हणावे?

शिळे पाणी देवाला चालत नाही, असे कोणी म्हणेल. पूजेसाठी तांब्याभर ताजे पाणी अवश्य घ्यावे. परंतु काशीहून आणलेले गंगाजल आपण वर्षानुवर्षे देवघरात जपतो, आणि ते शिळे झाले असे कोणी म्हणत नाही. स्वच्छ भांड्यात, झाकून, हात न बुडविता ठेवलेले पाणी एका रात्रीत खराब होत नाही. खराब करतो तो आपला हात, उघडे तोंड आणि तळाशी साचलेला गाळ. म्हणून माठात पेला बुडवू नये; लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे किंवा माठाला तोटी बसवावी. उरलेले पाणी मोरीत न ओतता आंघोळीला, धुण्याला, फरशीला आणि तुळशीला द्यावे.

मात्र याच ठिकाणी दुसरी सावधगिरी सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे सांगणे अर्धवट राहील. पाणी साठवावे, पण ते विसरू नये. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस जातीचा डास गटारापेक्षा घरातील स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालणे अधिक पसंत करतो. अंड्यापासून डास होण्यास उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. ही अंडी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेलगत चिकटून बसतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. म्हणून नुसते पाणी बदलून भागत नाही. रांजण, पिंप, हौद आतून खरवडून घासावे लागतात. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावयास सांगते तो याचसाठी. आपल्या घरांत एकादशी आणि चतुर्थी निष्ठेने पाळल्या जातात. आठवड्याचा एक वार पाण्याच्या भांड्यांसाठी राखणे त्याहून अवघड नाही. नळ येण्याच्या आदल्या दिवशी उरलेले पाणी कामात आणावे, भांडी घासून उन्हात पालथी घालावी, आणि भरल्यावर पातळ सुती फडक्याने तोंड बांधून वर झाकण ठेवावे. पाणीही वाचते आणि दुखणेही टळते.

संकटकाळी शुद्धतेची काळजी दुप्पट हवी. गढूळ पाण्यात तुरटी फिरविल्यास गाळ खाली बसतो, परंतु रोगजंतू मरत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. पाणी गाळून घ्यावे आणि खळखळून उकळी आल्यावर किमान मिनिटभर तसेच उकळू द्यावे. सरपण किंवा गॅस नसेल, तर आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरीनचे द्रावण किंवा गोळ्या त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घालाव्यात आणि अर्धा तास थांबून मग पाणी प्यावे. तांब्या-पितळेच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील कित्येक जंतू नष्ट होतात, असे प्रयोगांनी दिसून आले आहे. आजीच्या तांब्याच्या हंड्यामागे काही शहाणपण होते खरे. तथापि साथीच्या दिवसांत तेवढ्यावर विसंबून राहू नये.

साठवण म्हणजे केवळ भरून ठेवणे नव्हे. जपून वापरणे हा तिचाच दुसरा भाग. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी दिवसरात्रीत ८६,४०० थेंब टाकते, आणि पाहता पाहता एक कळशी रिकामी होते. अलीकडे अनेक घरांत आरओ यंत्रे आली आहेत. एक लिटर पाणी गाळताना ती बहुधा दोन-तीन लिटर पाणी नळीवाटे बाहेर टाकतात. ते पाणी बादलीत धरून फरशी पुसण्यास व स्वच्छतागृहात वापरता येते. छपरावरील पावसाचेही तसेच. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. पन्नास चौरस मीटरच्या छपरावर वर्षात सहाशे मिलिमीटर पाऊस धरला, तर ३०,००० लिटर होतात. त्यांतील काही वाया गेले तरी उरलेले पाणी गाळून विहिरीत वा कूपनलिकेत सोडता येते. पितरांच्या नावे एक घागर देणाऱ्या घराने वरुणराजाच्या हजारो घागरी रस्त्यावर सोडून द्याव्यात, हे शोभत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः लेखणी उचलली, तिच्याकडे येतो. नळ आला की गल्लीत घरघर सुरू होते. कोणी नळाला थेट मोटार जोडतो आणि वाहिनीतील पाणी आपल्या टाकीत ओढून घेतो. त्याची टाकी भरून वाहू लागते तेव्हा गल्लीच्या शेवटच्या घरातील बाई थेंबथेंब गळणाऱ्या नळाखाली कळशी धरून बसलेली असते. नगरपालिका व महानगरपालिका अशा मोटारी जप्त करतात, तरी संध्याकाळी पुन्हा घरघर ऐकू येते. ही मोटार केवळ शेजाऱ्याचे पाणी नेत नाही. तिच्या ओढीने वाहिनीतील दाब घटतो आणि जेथे जोड सैल असतील, तेथून आजूबाजूची घाण आत शोषली जाते. म्हणजे शेजाऱ्यास पाणी कमी आणि सर्वांसच पाणी अशुद्ध. संकटासाठी साठवण करणे आणि दुसऱ्यावर संकट आणून साठवण करणे, यांत पुण्य आणि पाप यांइतके अंतर आहे. अशा रीतीने ओढलेल्या पाण्याची घागर आम्ही पितरांपुढे ठेवली, तर ती त्यांना पोचेल काय? पूजेच्या पाण्यात केस पडला तरी आपण ते बदलतो. मग शेजाऱ्याची तहान त्यात मिसळलेली असता ते शुद्ध कसे?

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडविला होता. पांझरेच्या काठी धुळे जिल्ह्यात फड पद्धत कित्येक शतके चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. पाणी सोडावयास पाटकरी, राखणीस जागल्या. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे ते सर्वांनी मिळून ठरवावयाचे. शेतकऱ्यांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत विभागलेल्या असल्याने पाणी कमी आले तर सर्वांनाच थोडे थोडे सोसावे लागे. एकाचे शेत हिरवेगार आणि दुसऱ्याचे करपलेले, असे सहसा होत नसे. ज्या मातीत हे शहाणपण रुजले, त्या मातीतील माणसाला गल्लीतील दहा घरांचे पाणी वाटून घेता येऊ नये काय?

महाभारतातील वनपर्वात द्रौपदीच्या अक्षय पात्राची कथा आहे. सूर्यदेवाने दिलेल्या त्या पात्रातील अन्न कितीही अतिथी आले तरी संपत नसे. परंतु त्यालाही एक मर्यादा होती. द्रौपदीचे जेवण झाले, की त्या दिवसापुरते पात्र रिकामे. म्हणून ती सर्वांना वाढून शेवटी पान घेत असे. आम्हांला या कथेचे मर्म असे वाटते, की पात्र अक्षय होते ते यजमानीण शेवटी जेवत होती म्हणून. जो प्रथम आपलीच टाकी भरतो, त्याचे पात्र कधीच अक्षय होत नाही.

आणि संतश्रेष्ठ एकनाथ महाराजांची कथा तर लहान मुलांसही ठाऊक आहे. रामेश्वरास अर्पण करण्यासाठी काशीहून वाहून आणलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. ते पाणी कोसच्या कोस त्यांनी जपले होते, एक थेंब सांडू दिला नव्हता. जपले होते म्हणूनच वेळ आली तेव्हा देता आले. साठवणीचे याहून उत्तम शास्त्र आम्हांला ठाऊक नाही.

आखाजीला माहेरी येणारी लेक चार दिवस विसाव्यासाठी येते. सासरच्या पाणवठ्याच्या खेपांनी तिची मान आणि कंबर दुखत असते. तिला माहेरीही हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभे राहावे लागले, तर झोक्यावर बसून ती गाणे कोणते म्हणेल? तिच्या आगमनापूर्वी घरातील पुरुषमंडळींनी आणि मुलांनी पाण्याची भांडी घासून भरून ठेवावीत, ही आमची या पानावरून नम्र विनंती आहे. पाणी भरणे हे केवळ बायकांचे काम, असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही.

तेव्हा यंदा घागर भरताना एक लहानसा संकल्प सोडावा. एक घागर पितरांसाठी. एक राखीव भांडे घरच्या संकटासाठी. आणि एक माठ, झाकलेला, ओगराळ्यासह, दारातून जाणाऱ्या तहानलेल्यासाठी, मग तो टपाल आणणारा असो, भाजी विकणारी असो की शेजारचे कोरडा नळ असलेले घर असो. नळाला लावलेली मोटार असेल, तर ती आजच्या मुहूर्तावर काढावी. साडेतीन मुहूर्तांत गणल्या जाणाऱ्या या दिवशी सोने घेतले तर ते वाढते अशी श्रद्धा आहे. पाणी मात्र घेतल्याने वाढत नाही. ते राखल्याने आणि वाटल्यानेच वाढते.

सर्व वाचकांच्या घरची घागर भरलेली राहो, आणि शेजारचीही.